ऐकायला बरं असं एखादं खुनाचं पुस्तक

कुणाला कुठला खून आवडेल हे ओळखण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. सेलू तालुक्यातल्या एका मोठ्या गावाच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वालूरकडे जाताना लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर ज्यांचा उल्लेख राहिला ते रागावतील आणि ज्यांचा आला ते जास्त रागावतील.

दोन खोल्या, चार लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रांचं एक लांब टेबल, असं आमचं वाचनालय. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. माणूस चांगला, पण रहस्यकथेचं त्यांना वावडं. थोरामोठ्यांची चरित्रं आणि धार्मिक ग्रंथ दारासमोरच्या कपाटात, आणि रहस्यकथा आतल्या खोलीत दाराआडच्या कपाटात, अशी त्यांनी रचना करून दिली होती. पुढच्या कपाटांच्या बिजागऱ्या अखेरपर्यंत नव्यासारख्या राहिल्या. मागच्याचं दार मात्र दर वर्षी सुताराला दाखवावं लागे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रहस्यकथा म्हणजे सगळ्या सारख्याच. एक प्रेत, एक गुप्तहेर, एक पावसाळी रात्र. तसं नसतं. पुस्तक कसं आहे हे मला माहीत असायचं. समोरचा माणूस दिवसभर काय करतो हे बघावं लागायचं. सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर यायचा. त्याला रक्त नको असे. दिवसभर जखमा धुणारा माणूस संध्याकाळी पुन्हा जखमेकडे कशाला जाईल? त्याला हिऱ्याच्या चोऱ्या लागत. पोलिसातले निवृत्त जमादार होते, त्यांना मात्र भरपूर खून हवेत. पण पुस्तक परत करताना त्यांची तक्रार ठरलेली, 'पंचनामा बराबर केलेला न्हाई.' एकदा तर म्हणाले, "बाई, प्रेताजवळचा गिलास ह्या बहाद्दरानं हातानं उचलला. आमच्या टायमाला असतं तर सस्पेंड झाला असता." मी त्यांना त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक दिलं. चुका काढायला मिळाल्या की माणूस खूश राहतो, हे मला तोवर कळलं होतं.

पण मला ज्या वाचकांबद्दल सांगायचं आहे, त्यांच्यातल्या बहुतेकींना वाचताच येत नव्हतं.

भीमनगरची कमल एका दुपारी आली. तिशीच्या आतबाहेरची, सडपातळ, केसांत शेंगांच्या टरफलांचा बारीक चुरा. टेबलाशी उभी राहून म्हणाली, "बाई, ऐकायला बरं असं एखादं खुनाचं पुस्तक हाय का?"

मला वाटलं, बोलण्यात चूक झाली. मी म्हणाले, "वाचायला?"

"वाचायला मीच हाय. ऐकायला बाया हायत."

मग तिनं समजावून सांगितलं. गावात एका शेठची आडत होती आणि आडतीच्या मागे मोठं गोदाम. हिवाळ्यात तिथं भुईमुगाच्या शेंगा फोडायला बाया बसत. पेरणीचं बी म्हणून जाणारा दाणा आख्खा लागतो, फुटका चालत नाही, म्हणून ते काम हातानंच करायचं. दाणे भरतील तशी मजुरी. काम गुपचूप बसून करण्यासारखं, त्यामुळे बायांना तोंडाला काही तरी चाळा हवा. भांडणं व्हायची, कुणाच्या सुनेचं काढायचं, कुणाच्या जावयाचं. कमल सातवीपर्यंत शिकलेली. एक दिवस पुडीच्या कागदावरची अर्धी गोष्ट तिनं मोठ्यानं वाचली. ती नेमकी खुनाची निघाली. पुडी संपली तिथं गोष्टही तुटली, आणि पुढं काय झालं यावरून आठवडाभर बाया भांडत राहिल्या. म्हणून ती आता आख्खी गोष्ट शोधत आली होती.

तिला सभासद करून घेतलं. माझ्या दृष्टीनं उत्तम अशी एक रहस्यकथा काढून दिली. दुसऱ्या दिवशीच पुस्तक परत.

"बाई, ह्यात माणसं लय हायत. आमी शेंगा फोडू का माणसं मोजू?"

दुसरं दिलं. त्यात एक प्रकरण वर्तमानात आणि एक भूतकाळात होतं. तेही परत. "मेलेला मानूस फुडच्या पानावर जेवायला बसलाय. बाया माज्याच अंगावर यायल्या, तू पानं चुकायलीस म्हणून."

तेव्हा मला कळलं, डोळ्यांनी वाचायची रहस्यकथा वेगळी आणि कानांनी ऐकायची वेगळी. डोळ्यांना मागचं पान उलटता येतं, कानांना येत नाही. मी कपाटातली पुस्तकं काढून घरी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचून बघायला लागले. नवरा म्हणाला, "भाजीला फोडणी द्यायलीस का जबाब घ्यायलीस?" त्या हिवाळ्यात मी नव्यानं ग्रंथपाल झाले म्हणा. चार-पाच माणसं, एक घर, वाक्य आखूड, आणि प्रकरणाच्या शेवटी कुणी तरी दार वाजवलेलं. असं पुस्तक गोदामात चालायचं.

एका सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेले. गोदामात शेंगांचा ढीग, त्याच्याभोवती गोल करून बसलेल्या बाया, आणि मधोमध पालथ्या टोपल्यावर कमल. कमलनं मला नंतर सांगितलं की आधी असा गोल नव्हता. गावातल्या शेतकरी घरच्या बाया दाराकडं बसायच्या आणि भीमनगरच्या भिंतीकडं, पाण्याची भांडीही निरनिराळी. पण वाचायला लागल्यावर दाराकडच्यांना ऐकू येईना. त्या सरकत सरकत आल्या. मग पुन्हा कुणी मागं सरकलंच नाही. वाचून वाचून कमलचा घसा कोरडा पडे. एकदा तिचा तांब्या रिकामा होता आणि गोष्टीत गुप्तहेर तळघराच्या पायऱ्या उतरत होता. दाराकडच्यांतल्या द्वारकाबाईनं आपला तांब्या तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "पी लवकर, तो खाली उतरायलाय." तेव्हापासून तांब्याचा प्रश्न राहिला नाही.

द्वारकाबाई म्हणजे त्या गोलातली म्होरकी. साठीची, थोडीफार कोरडवाहू जमीन असलेल्या घरची, नवरा गेलेला. आवाज असा की गोदामाच्या पत्र्याला थरथर सुटावी. तिनं एक पद्धत लावून दिली होती. कमल वाचत असताना तिच्या शेंगा कशा फुटणार? म्हणून प्रत्येकीनं आपल्या दाण्यातली एक मूठ कमलच्या टोपल्यात टाकायची. मूठ टाकताना कुणी हात आखडला की द्वारकाबाई म्हणायची, "खून फुकटात ऐकायलीस व्हय?"

पुस्तकातली नावं त्यांना पटायची नाहीत. त्या सरळ नवी ठेवायच्या. पुस्तक कुठलंही असो, त्यातला वकील किंवा लंडनहून आलेला बॅरिस्टर त्यांच्या लेखी 'टोपीवाला'. श्रीमंत पुतण्या 'उधळ्या'. पुढं कमलही वाचतानाच नावं बदलून वाचायला लागली. मी ऐकत बसले होते तेव्हा दुधातून विष दिल्याचा प्रसंग आला. एकीनं लगेच हरकत घेतली, "फवारणीचं औषध असंल तर वासानं कळतंय. आमच्या हौदाजवळ नुसती बाटली उघडली तरी म्हैस पानी पीत न्हाई." लेखकाला हे सुचलं नव्हतं. पुढं मीही त्या पुस्तकाची शिफारस करताना जरा चाचरायचे.

शेठच्या मुनीमजींनी सुरुवातीला वाचन बंद करायचा हुकूम काढला होता. कामाची जागा आहे, शाळा नाही, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांच्या लक्षात आलं की वाचन असतं त्या दिवशी दाणे जास्त भरतात. शेंगा फोडता फोडता बाया दाणे तोंडात टाकतात, ती तूट सगळ्या आडतींना सोसावी लागते. पण गोष्टीत कुणी मरायला टेकलं की यांची तोंडं उघडी ती उघडीच राहत, खायचं सुचत नसे. मुनीमजींनी हुकूम मागं घेतला. नंतर नंतर ते स्वतःच पोत्यांच्या थप्पीआड स्टूल टाकून हिशेबाला बसायला लागले. आडतीत चांगली गादी असताना गोदामाच्या अंधारात हिशेब कशाला, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

एकदा मात्र माझ्यावर मोर्चा आला. मी दिलेल्या पुस्तकात खुनी स्वयंपाकी निघाला होता. द्वारकाबाई, कमल आणि आणखी दोघी-तिघी थेट वाचनालयात. अध्यक्ष टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होते, ते दचकले.

"बाई, ह्यो शेवट आमाला मंजूर न्हाई," द्वारकाबाई म्हणाली.

मी म्हणाले, "मावशी, मी लिहिला नाही तो."

"दिला तर तुमी ना? त्या गरिबानं दोन वक्ताला रांधून घातलं, आन् खून बी त्यानंच केला? येवढे पैसेवाले बसले व्हते की घरात."

कमल हळूच म्हणाली, "बाई, ह्याच्या आधीच्यात बी गड्यानंच केला व्हता."

त्या गेल्यावर मी कपाट उघडून बसले आणि पुस्तकं चाळली. तिचं खरं होतं. कितीतरी पुस्तकांत नोकर, माळी, मोलकरीण यांच्यावर पहिला संशय, आणि बऱ्याच ठिकाणी शेवटचाही. मी वर्षानुवर्षं ती वाचत आणि वाटत आले होते, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून गोदामासाठी पुस्तक निवडताना राबणाऱ्याला खुनी ठरवणारी पुस्तकं मी बाजूला काढू लागले. परभणीला पुस्तकखरेदीला गेले की दुकानदार विचारायचा, "बाई, तुम्ही शेवटचं पान आधी का बघता?" त्याला काय सांगणार?

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात मी त्यांना हिरव्या वेष्टणाचं एक जाडजूड पुस्तक दिलं. थंड हवेच्या ठिकाणचा बंगला, थोरली मालकीण खुर्चीत मेलेली सापडते, आणि घरात उधळ्या पुतण्या, डॉक्टर, टोपीवाला वकील आणि मालकिणीची नणंद. ऐकण्यासाठी माझ्या कपाटातलं ते सगळ्यात उत्तम पुस्तक. गोष्ट अर्ध्यावर आली, डॉक्टरची बॅग विहिरीत सापडली, आणि तिथंच सगळं थांबलं.

विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आता होणार, उद्या होणार, अशा बातम्या येत होत्या. एसटी कधी येई, कधी येत नसे. परभणीची दुकानं बंद असल्याचं कळे. चौकात पोलिसांची गाडी उभी राहायला लागली. आमच्या गावात कुणी कुणावर हात उचलला नाही, पण बोलणं कमी झालं. हॉटेलात माणसं आपापल्या टेबलाला बसायला लागली. अध्यक्षांनी वाचनालय काही दिवस बंद ठेवायला सांगितलं. शेठनं मुनीमजींना निरोप दिला की वातावरण निवळेपर्यंत भीमनगरच्या बायांना कामावर बोलवू नका, गोदामात काही वावगं झालं तर निस्तरायचं कुणी? आणि भीमनगरच्या बायाही घराबाहेर पडेनात. नामांतराच्या ठरावावरून दंगली झाल्या ते अठ्ठ्याहत्तर साल कुणी विसरलेलं नव्हतं. कमलचं माहेर दुसऱ्या गावचं. तिथं त्या वर्षी तिच्या वस्तीची घरं जळाली होती. ज्वारीच्या पिकात लपून काढलेल्या दिवसांबद्दल ती एकदाच बोलली होती, तेही सहज बोलावं तसं. "सातवी झाली व्हती. घरासंगट पुस्तकं बी गेली, मंग साळा बी गेली."

एका सकाळी द्वारकाबाई माझ्या घरी आली. पदराखाली हिरवं पुस्तक. गोदामाच्या कोनाड्यात राहिलेलं तिनं उचलून आणलं होतं.

"तुमाला वाचता येतंय. चला."

मी गेले. गोल निम्मा झाला होता, मधे मोठाली भगदाडं. मी कमलच्या टोपल्यावर बसले आणि वाचायला सुरुवात केली. माझं वाचन स्पष्ट होतं, शाळेत मला त्यासाठी बक्षीस मिळालं होतं. दोन पानं झाली असतील, द्वारकाबाईनं हात वर केला.

"बाई, टोपीवाल्याचं बोलणं तुमी वंगाळ आवाजात वाचायलात."

"तो तसाच बोलतो, मावशी."

"न्हाई. तुमी आमाला त्याच्याकडं ढकलायलात. म्हंजी टोपीवाल्यानं केलेलं न्हाई."

दुसरी म्हणाली, "बाईंनी पुस्तक आधी वाचलंय. त्यांना ठावं हाय."

टोपीवाल्यानं केलेलं नव्हतंच. शेवट फुटू नये म्हणून मी सगळा भार त्याच्या आवाजावर टाकत होते, आणि त्यांनी तो बरोबर ओळखला. पोत्यांच्या आडून मुनीमजींचा सुस्कारा ऐकू आला.

"बंद करा," द्वारकाबाई म्हणाली. "आनखी वाचाल तर समदं कळंल. कमलला फुडचं ठावं नसतंय. आमच्यासंगट ती बी भेती, म्हनून बरं वाटतंय."

मग ती उठून थप्पीमागं गेली. "मुनीमजी, भीमनगरच्या बायांना बलवा."

"शेठनी नको म्हटलंय, द्वारकाबाई. माझ्या हातात आहे का ते?"

"शेठचं बी पेरनीला कवा जायचंय? निम्म्या हातांनी येवढा ढीग व्हनार हाय का?"

मुनीमजी ढिगाकडं बघत राहिले. ढीग खरंच हलत नव्हता. शेवटी म्हणाले, "त्या आपण होऊन आल्या तर मी काही परत पाठवणार नाही. शेठला मी सांगतो."

द्वारकाबाईनं माझ्याकडं बघितलं. "चला, बाई."

भर दुपारी आम्ही दोघी भीमनगरात गेलो. इतकी वर्षं त्या गावात काढून मी त्या बाजूला फार तर चार-दोनदा गेले असेन. कमल दारात तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला बघून उठली, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. आजूबाजूच्या दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या.

द्वारकाबाई बसली नाही. म्हणाली, "कमल, कामाला चल. मुनीमला बोललेय मी."

कमलनं विचारलं, "मावशी, गोष्ट राहिली म्हनून बलवायलात का आमाला?"

मला वाटलं, आता ही काही तरी गोड बोलेल. पण द्वारकाबाईला गोड बोलता येत नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "गोष्टीसाठीच आले. खोटं कशाला बोलू? तुमच्याबिगर चार दिस गेले तर मला काय वाटलं न्हाई, मला त्या बॅगेचंच वाटत व्हतं. पन हितवर चालत आले ना, तर वाटंत वाटलं, आधीच याला पायजे व्हतं. गोष्ट नसती तर आले नसते, ह्याचं वाईट वाटलं."

कमलनं सुपातले तांदूळ उगाच दोनदा पाखडले. मग म्हणाली, "मी एकली येनार न्हाई. समद्या येतील. आन् मावशी, चौकातून जायाची आमाला भीती वाटती. तिथं पोरं बसलेली असत्यात. तुमी समद्याजनी उद्या सकाळी हितं या. हितून आपन संगट जाऊ. चौकातून."

द्वारकाबाईचा थोरला मुलगा त्या चौकात बसणाऱ्यांपैकीच होता. हे कमललाही माहीत होतं आणि मलाही. द्वारकाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग म्हणाली, "येतो समद्या."

मी जायलाच हवं असं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला घरात बसवेना. मी गेले तेव्हा गावातल्या बाया भीमनगरच्या तोंडाशी उभ्या होत्या. सगळ्या आल्या नव्हत्या. दोघींना घरच्यांनी अडवलं होतं. भीमनगरच्या बाया बाहेर आल्या, आणि घोळका निघाला. कुणी कुणाचा हात धरला नव्हता, घोषणा वगैरे काही नाही. काखेत डबे, डोक्यावर पदर, रोज कामाला जातात तसं. फक्त कुणी मागं-पुढं राहत नव्हतं.

चौकात हॉटेलाच्या बाकड्यावर पोरं होती. द्वारकाबाईचा मुलगा उठून उभा राहिला. "आई, कुठं चाललीस?"

तिनं चाल कमी केली नाही. "शेंगा फोडायला. तू कुठं चाललास?"

तो कुठंच चालला नव्हता. बाकड्यावरचं कुणी तरी हसलं, मग आणखी एक जण, आणि त्यालाही हसू आवरेना. तेवढ्यात आम्ही चौक ओलांडून पुढं आलो होतो. गाडीतले पोलीस चहा पीत होते. एकानं मला विचारलं, "बाई, कशाचा मोर्चा आहे?" मी म्हणाले, "रहस्यकथेचा." त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

त्या दिवशी आधी शेंगाच फुटल्या, कुणी पुस्तकाचं नाव काढलं नाही. जेवणानंतर द्वारकाबाईनं टोपलं पालथं घालून गोलाच्या मधे ठेवलं, आणि कमल त्यावर बसली.

विहिरीतल्या बॅगेपासून शेवटापर्यंत यायला आणखी आठवडाभर गेला असेल. शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी मीही नुकत्याच पुन्हा उघडलेल्या वाचनालयाला अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन तिथं हजर. कमलनं प्रकरण सुरू करायच्या आधी पुस्तक मिटलं आणि प्रत्येकीला विचारलं, कुणी केला? बहुतेकींनी उधळ्या म्हटलं. काहींनी डॉक्टर. द्वारकाबाई म्हणाली, "डॉक्टरच. सुई त्याच्याच हातात."

कमल वाचायला लागली. हात थांबले. शेंग फुटल्याचा आवाजही येईना. नणंदेनं मालकिणीच्या औषधाची बाटली बदलली, या वाक्याशी कमलच थांबली. तिनं तेच वाक्य पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचल्यासारखं केलं आणि वर बघितलं.

"नणंद," ती म्हणाली.

एक म्हातारी सावकाश म्हणाली, "आन् आपल्यापैकी एकीच्या बी दिमागात नणंद आली न्हाई. आपन नांदलो का काय केलं?"

हसता हसता कुणाच्या डोळ्यांत पाणी, कुणाला ठसका. गावातली कुठली नि भीमनगरची कुठली, प्रत्येकीला आपापली नणंद आठवली होती. पोत्यांच्या आडून मुनीमजी म्हणाले, "मला आधीच वाटलं होतं," आणि मग तर कुणाला थांबता येईना, कारण मुनीमजी तिथं आहेत हे आपल्याला माहीत नाही असं सोंग सगळ्यांनी तीन हिवाळे वठवलं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला निर्णय झाला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. भीमनगरात गोड वाटलं गेलं. गोदामातही पुडा आला. द्वारकाबाईनं घेतलं, खाल्लं, आणि आपल्या घरचे तिळाचे लाडू कमलच्या पदरात घातले. गाव लगेच बदललं असं मी म्हणणार नाही. हॉटेलातली टेबलं पुष्कळ दिवस वेगळीच राहिली. पुढं शेंगा फोडायचं मशीन आलं तेव्हा गोदामातला गोलही मोडला, त्याची हळहळ मला अजून आहे. पण मशीन यायला वेळ होता, आणि त्याआधी एक गंमत झाली.

एका सभासदाला एका वेळी एकच पुस्तक, असा आमचा नियम. एक संपून दुसरं येईपर्यंत बायांचा जीव जायचा. म्हणून द्वारकाबाई सभासद व्हायला आली. अध्यक्ष म्हणाले, "अहो, हिला अक्षर वाचता येत नाही. आपलं वाचनालय आहे." मी नियमावली त्यांच्यापुढं ठेवली आणि विचारलं, सभासदाला वाचता आलं पाहिजे असं यात कुठं आहे? सरळ माणूस. चष्मा लावून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तसं कुठंच नव्हतं. त्यांनी सही केली. महिनाभरात गोदामातल्या सगळ्या बाया सभासद झाल्या, बहुतेक अंगठ्यावर.

पुढच्या वर्षी परभणीहून तपासणीला साहेब आले. तरुण, इस्त्रीच्या शर्टातले. सभासदांचे अंगठे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. अनुदानासाठी खोटे सभासद दाखवलेत असा त्यांना संशय आला, आणि तो येणं साहजिक होतं. अध्यक्ष घामाघूम. मी वाचनालयाच्या शिपायाला आडतीकडं पिटाळलं. द्वारकाबाई आली, केसांवरचा टरफलांचा चुरा झटकत.

साहेबांनी तिच्या नावावर गेलेलं, त्याच आठवड्यात परत आलेलं पुस्तक विचारलं. म्हणाले, "आजी, हे पुस्तक तुम्ही वाचलं?"

"न्हाई. ऐकलं."

"मग सांगा बरं, काय आहे त्यात?"

द्वारकाबाई त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली. पदर नीट केला.

"एक बाई असती. बंगल्यात एकली राहती. कुनाचं येनं न्हाई, जानं न्हाई. रोज सकाळी दार उघडलं की पायरीवर एक चप्पल. एकच. रोज निराळी, पन डाव्या पायाची."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"बाई चपला कोठीत टाकून देती. कुनाला सांगत न्हाई. सांगून इस्वास कोन ठिवनार? असा सारा पावसाळा जातो. मंग एक दिस ती दार उघडती, तर चप्पल उजव्या पायाची. ती खाली वाकती. बघती, तर चप्पल तिच्याच मापाची. हातात घेती. आत काय तरी चिकटवलेलं असतंय."

शिपायानं चहा आणून ठेवला. तो निवायला लागला तरी साहेबांचं लक्ष नव्हतं. अध्यक्षही पुढं झुकले होते.

"काय चिकटवलेलं असतं?" साहेबांनी विचारलं.

"ते पुस्तकात हाय," द्वारकाबाई म्हणाली आणि उठली. तिच्या शेंगा राहिल्या होत्या.

साहेब माझ्याकडं वळले. त्यांची गाडी परभणीला निघायला अजून अवकाश होता. म्हणाले, "ते पुस्तक आहे का इथं? मी वाटेत वाचतो, पुढच्या फेरीला परत आणून देईन."

मी मागच्या कपाटाकडं निघाले. द्वारकाबाई दारात थांबली, आणि साहेबांना आपल्या परीनं शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली,

"सायब, आधी सभासद व्हावं लागंल."